अवाढव्य क्लास फोडताना या चुका टाळा

मोंढ्यातल्या आडत दुकानाचं जुनं सॉफ्टवेअर उघडलं की त्यात बहुतेकदा एक क्लास (डेटा आणि त्यावर चालणारा कोड एकत्र ठेवणारा भाग) बाकी सगळ्यांवर भारी असतो: हिशोबपट्टी. कट्टे मोजायचे, बारदान वजा करायचं, भाव लावायचा, हमाली-तोलाई कापायची, शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल वळती करायची, पट्टी छापायची आणि वरून एसएमएसही पाठवायचा, सगळं त्याच्याच अंगावर. सुरुवातीला तो दोनशे ओळींचा असतो. मग लातूरला चालणारा हमालीचा दर परभणीच्या गिऱ्हाइकाला चालत नाही म्हणून एक इफ, तुरीचं बारदान वेगळं म्हणून दुसरा इफ, असं करत करत तो अडीच हजार ओळींवर जातो आणि त्याला हात लावायला कोणी धजावत नाही.

असा क्लास फोडायलाच हवा. पण फोडताना होणारे घोटाळे क्लास मोठा असण्यापेक्षा महागात पडतात, कारण तो मोठा क्लास निदान हिशोब तरी बरोबर करत होता. पुढची उदाहरणं जावा, स्प्रिंग आणि मायएसक्यूएल धरून दिली आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा चुका सी शार्प किंवा पीएचपीतही तशाच होतात.

ओळी मोजून कापणं

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. अडीच हजार ओळी आहेत ना, मग पाचशे-पाचशेच्या पाच फाइली करू. नावं पडतात हिशोबपट्टी-हेल्पर, हिशोबपट्टी-मॅनेजर, हिशोबपट्टी-युटिल. मेथड, म्हणजे क्लासमधल्या एकेक कृती, नव्या फाइलीत गेल्या, पण त्या ज्या डेटावर चालतात तो मूळ क्लासातच राहिला. म्हणून हेल्परला पूर्ण पट्टी पॅरामीटर म्हणून द्यावी लागते आणि तो तिच्यावर दहा-पंधरा गेटर (माहिती वाचून देणाऱ्या मेथड) मारत बसतो. गुंता होता तेवढाच राहिला, फक्त आता तो समजायला पाच फाइली उघडाव्या लागतात. नाव सुचत नसेल आणि शेवटी 'मॅनेजर' लिहावं लागत असेल, तर बहुतेक वेळा काप चुकीच्या जागी पडलेला असतो.

काप कुठे घ्यायचा ते फील्ड, म्हणजे क्लासने धरलेली एकेक माहिती, सांगतात. एक्सेलची शीट घ्या. आडवी सगळी फील्ड लिहा, उभ्या सगळ्या मेथड, आणि जी मेथड ज्या फील्डला हात लावते तिथे खूण करा. लॉगर, आयडी, तयार केल्याची तारीख असे सगळीकडे वापरले जाणारे रकाने आधीच काढून टाका, नाहीतर सगळंच एकमेकांत अडकलेलं दिसतं. मग ओळी वरखाली सरकवून सारख्या खुणा शेजारी आणा. चाळीसेक फील्डच्या क्लासला हे काम एका दुपारचं आहे, आणि पुढचा सगळा वेळ तेच वाचवतं.

हिशोबपट्टीत साधारण असे गठ्ठे निघतात. भरलेलं वजन, कट्ट्यांची संख्या आणि एका कट्ट्याचं बारदान ही तीन फील्ड फक्त निव्वळ वजनाच्या चार-पाच मेथड वापरतात. हमाली, तोलाई आणि इतर कपातीचे दर दुसऱ्या गठ्ठ्यात. उचल, रोख दिलेली रक्कम, बँक खातं आणि बाकी तिसऱ्यात. छपाई आणि एसएमएस यांना स्वतःचं फील्ड जवळपास नसतंच, त्या फक्त बाकीच्यांचे निकाल वाचतात. पहिला क्लास कोणता काढायचा याचं उत्तर इथेच मिळतं: निव्वळ वजन. त्याला दुसऱ्या कुणाची गरज नाही, म्हणून तो सर्वांत सुखाने सुटतो. कपातीला निव्वळ वजन लागतं, ती त्यानंतर. देणं-घेणं सर्वांत शेवटी, कारण त्याला आधीचे दोन्ही लागतात.

दुसरी खात्री गिटमधून, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीतून, करा. त्या फाइलीचे गेल्या दोन वर्षांतले कमिट (नोंदवलेले बदल) चाळा आणि प्रत्येक बदल कोणी मागितला होता ते पाहा. बाजार समितीने दर बदलले की कपातीच्या मेथड हलतात, बँकेचा फॉरमॅट बदलला की देण्याच्या, आडत्याला लेटरहेड बदलून हवं असेल तर छपाईच्या. शीटवरचे गठ्ठे आणि ही मागणारी मंडळी जुळली तर काप बरोबर आहे. जुळली नाहीत तर मागणाऱ्यांचं ऐका, कारण पुढचे बदलही त्यांच्याकडूनच येणार आहेत.

आकड्यांवर विसंबणाऱ्यांसाठी एक सांगायला हवं. थॉमस मॅक्केब यांनी १९७६ साली मांडलेली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी एकपासून सुरू होते आणि प्रत्येक इफ, लूप, केसला एकाने वाढते. एका मेथडला १० ही मर्यादा त्यांनीच सुचवली होती. मेथड एकमेकींपासून किती तुटक आहेत ते सांगणारं एलकॉम चिदंबर आणि केमेरर यांच्या १९९४ च्या मोजमापांत आहे. दोन्ही आकडे दुखणं कुठे आहे ते दाखवतात. पण आकडा १० च्या खाली आणायचा म्हणून 'हिशोब करा भाग एक' आणि 'हिशोब करा भाग दोन' अशा मेथड पाडल्या, तर सोनार (कोड तपासून असे आकडे काढणारं सॉफ्टवेअर) खूश होतो आणि वाचणारा हैराण.

जुना निकाल पकडून न ठेवता सुरुवात करणं

'कोड तोच आहे, फक्त इकडचा तिकडे नेलाय' हे वाक्य ऐकलं की थांबा. रिफॅक्टरिंगमध्ये आतली मांडणी बदलते, निकाल बदलत नाही. आणि निकाल बदलला नाही हे सांगायला जुना निकाल हाताशी हवा.

नव्या युनिट टेस्ट बसून लिहायची इथे गरज नाही. डेटाबेसमधून दोन-तीनशे जुन्या पट्ट्या घ्या, जुन्या कोडमधून पुन्हा चालवा, येणारा प्रत्येक आकडा टेक्स्ट फाइलीत साठवा. प्रत्येक बदलानंतर तेच पुन्हा चालवून फाइली ताडून पाहा. पट्ट्या निवडताना सरळ-सोप्याच घेऊ नका. उचल मालाच्या रकमेपेक्षा जास्त आहे, म्हणजे बाकी उलटी निघते. एकाच शेतकऱ्याचा माल दोन खरेदीदारांत वाटला गेला. पट्टी रद्द होऊन पुन्हा झाली. कट्ट्यांची संख्या शून्य पण सुटा माल आहे: अशा पट्ट्या मुद्दाम शोधून घाला. शेतकऱ्यांची नावं, मोबाईल नंबर आणि खाते क्रमांक टेस्टच्या फाइलीत जाण्याआधी बदलून टाका. ती फाइल गिटमध्ये कायमची राहते.

टेस्ट दर वेळी वेगळा निकाल देत असेल तर क्लासच्या आत आजची तारीख किंवा पुढचा पट्टी क्रमांक थेट उचलला जातोय का ते बघा. त्या दोन गोष्टी बाहेरून देण्याची सोय करणं हा पहिला बदल, बाकी सगळं त्यानंतर.

एक पैशाचा फरक निघाला तर तो सोडून देऊ नका. तो बहुतेक वेळा पूर्णांकन हलल्यामुळे आलेला असतो. समजा हमालीचा दर क्विंटलला १२.३५ रुपये आहे आणि एका पट्टीवर ३.४७, २.८३ आणि ४.१५ क्विंटलचे तीन काटे आहेत. जुना कोड प्रत्येक काट्याची हमाली पैशापर्यंत पूर्ण करून मग बेरीज करत होता: ४२.८५, ३४.९५ आणि ५१.२५, एकूण १२९.०५. नव्या क्लासमध्ये आधी वजनांची बेरीज १०.४५ झाली आणि मग गुणाकार, तर येतात १२९.०५७५, म्हणजे १२९.०६. दोन्ही रीती गणिताने चालतील. पण आडत्याच्या खतावणीत १२९.०५ पडलेले आहेत, आणि वर्षभराच्या हजारो पट्ट्यांवर हा एकेक पैसा साचून ताळा बसत नाही.

जावात याचं आणखी एक ठिकाण आहे. डेसिमल-फॉरमॅट हा क्लास मुळात हाफ-इव्हन पद्धतीने (बरोबर अर्धा आला तर जवळच्या सम अंकाकडे) पूर्णांक करतो आणि स्ट्रिंगची फॉरमॅट मेथड हाफ-अप पद्धतीने (अर्धा आला तर वर). ०.१२५ ला पहिला ०.१२ छापतो, दुसरी ०.१३. छपाई वेगळ्या क्लासात नेताना कोणी 'जरा नीटनेटकं' म्हणून एकाच्या जागी दुसरं वापरलं, तर हिशोब बरोबर राहूनही कागदावर वेगळा आकडा दिसतो. पूर्णांकनाची पद्धत एकाच जागी लिहा आणि छपाईने तयार आकडाच घ्यावा. ताडणी करताना बिगडेसिमलची (जावाचा अचूक दशांश आकडे ठेवणारा क्लास) इक्वल्स मेथडही वापरू नका. तिच्या लेखी १००.० आणि १००.०० वेगळे असतात. कम्पेअर-टू वापरा.

जुन्या कोडमध्ये खरोखरची चूक सापडली तर? ती तशीच नव्या क्लासात घेऊन जा, टेस्टमध्येही तशीच राहू द्या, आणि फोडणं संपल्यावर वेगळ्या कमिटमध्ये दुरुस्त करा. दुरुस्ती आणि हलवाहलव एकत्र झाली की निकालातला फरक कशामुळे पडला ते सांगणं अशक्य होतं.

प्रत्येक फरकासाठी सबक्लास

ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिकताना इन्हेरिटन्स (पालक क्लासवरून सबक्लास काढणं) आधी शिकवलं जातं, म्हणून हात आधी तिकडेच जातो. सोयाबीनपट्टी, तूरपट्टी, हरभरापट्टी, मूगपट्टी. दिसायला छान. पुढच्या महिन्यात रोख, बँक आणि उधारी असे देण्याचे तीन प्रकार येतात, आणि चार मालांचे तीन प्रकार म्हणजे बारा क्लास व्हायला लागतात. फरक जेव्हा दोन वेगवेगळ्या दिशांनी पडतो तेव्हा इन्हेरिटन्स पुरत नाही. पट्टी एकच ठेवा, तिच्याकडे कपातीचा एक ऑब्जेक्ट आणि देण्याचा एक ऑब्जेक्ट द्या.

त्याही आधी विचारा की सोयाबीन आणि तुरीत फरक कसला आहे. दर आणि बारदानाचं वजन एवढाच असेल, तर त्याला क्लास नको, डेटाबेसमध्ये एक टेबल हवं. आकडे वेगळे असतील तर टेबल, रीत वेगळी असेल तरच क्लास. स्विच दिसला की लगेच पॉलिमॉर्फिझम (प्रत्येक फाट्याला वेगळा क्लास) लावायचं हाही एक अतिरेकच. तोच स्विच तीन-चार मेथडमध्ये पुन्हा पुन्हा येत असेल तर क्लास काढा. एकाच जागी असेल तर राहू द्या, वाचायला तो सोपा असतो.

सबक्लास केलेच, तर जावातला एक सापळा लक्षात ठेवा. पालक क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून एखादी मेथड बोलावली आणि ती सबक्लासने ओव्हरराइड केली (म्हणजे स्वतःची वेगळी लिहिली) असेल, तर ती चालते तेव्हा सबक्लासची फील्ड अजून भरलेली नसतात. दर शून्य किंवा नल येतो. 'डीबगरमध्ये दर दिसतोय पण हमाली शून्यच येतेय' अशी तक्रार आली की आधी कन्स्ट्रक्टर तपासा.

फोडल्यानंतर लाइव्हवर दिसणारे बिघाड

यांतले बरेचसे टेस्टमध्ये सापडत नाहीत, म्हणून लक्षणावरून कारण ओळखता यायला हवं.

एका शेतकऱ्याचा आकडा दुसऱ्याच्या पट्टीवर येतो, तोही गर्दीच्या वेळीच. कारण जवळपास नक्की: जुना क्लास प्रत्येक पट्टीसाठी नवा तयार होत होता, आणि नव्या क्लासला सर्व्हिस म्हणून नोंदवताना फील्ड त्याच्यासोबत गेली. स्प्रिंगमध्ये बीन (स्प्रिंगने स्वतः तयार करून सांभाळलेला ऑब्जेक्ट) मुळात सिंगलटन असतो, म्हणजे सगळ्या काउंटरवरच्या मुनिमांना मिळून एकच ऑब्जेक्ट. दोन जणांनी एकदम पट्टी काढली की एकाचं वजन दुसऱ्याच्या हिशोबात शिरतं. सर्व्हिसमध्ये बदलणारं फील्ड ठेवूच नका. निव्वळ वजनासारखे डेटा धरणारे क्लास साध्या न्यूने तयार करा आणि त्यांना स्प्रिंगच्या हाती देऊ नका.

पट्टी क्रमांकात खाडे पडतात, किंवा सेव्ह करताना स्क्रीन ५० सेकंद अडकून 'लॉक वेट टाइमआउट' येतं. हा बिघाड चांगल्या चांगल्यांना चकवतो. जुन्या क्लासात क्रमांक देणाऱ्या मेथडवर 'नवं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा डेटाबेसमधला बदल) हवं' असं ॲनोटेशन, म्हणजे मेथडवर लावलेली सूचना, होतं, पण ती त्याच क्लासमधून बोलावली जात होती. स्प्रिंगचं ट्रान्झॅक्शन प्रॉक्सीतून, म्हणजे क्लाससमोर उभ्या केलेल्या मध्यस्थातून, चालतं, आणि क्लासने स्वतःचीच मेथड बोलावली तर प्रॉक्सी मध्ये येतच नाही. म्हणजे ते ॲनोटेशन इतकी वर्षं नुसतं लिहिलेलं होतं. मेथड वेगळ्या बीनमध्ये गेली आणि ते पहिल्यांदाच लागू झालं. आता क्रमांक स्वतंत्रपणे कमिट होतो, आणि बाहेरची पट्टी रोलबॅक झाली, म्हणजे डेटाबेसने ती रद्द केली, तर तो वाया जातो. दोन्ही ट्रान्झॅक्शन एकाच ओळीवर लिहीत असतील तर आतलं बाहेरच्याची वाट पाहतं आणि बाहेरचं आतल्याची. मायएसक्यूएलला हा डेडलॉक दिसत नाही, कारण बाहेरचं ट्रान्झॅक्शन डेटाबेसमध्ये कशाचीच वाट पाहत नसतं, ते ॲप्लिकेशनमध्ये अडकलेलं असतं. इनोडीबीची (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) ५० सेकंदांची मर्यादा संपली की चूक बाहेर येते. शिवाय प्रत्येक पट्टीला एकाऐवजी दोन कनेक्शन लागतात, आणि ही कनेक्शन सांभाळणाऱ्या हिकारीचा पूल मुळात १० चाच असतो. तेव्हा मेथड हलवण्याआधी तिच्यावरची सगळी ॲनोटेशन वाचा आणि प्रत्येकाबद्दल विचारा: आज हे खरंच चालतंय का? चालत नसेल तर ते सोबत नेऊ नका.

ॲप्लिकेशन सुरूच होत नाही, बीन एकमेकांत अडकल्याची चूक येते. पट्टीला कपात हवी आणि कपातीला पुन्हा पट्टी. स्प्रिंग बूट २.६ पासून अशा गोल अवलंबनाला मुळातच मनाई आहे. लेझी ॲनोटेशन लावून किंवा सेटिंगमध्ये परवानगी देऊन वेळ मारून नेली जाते, पण चूक कापाची असते. कपातीला पूर्ण पट्टी कशाला हवी? निव्वळ वजन आणि रक्कम हे दोनच आकडे तिला द्या, गोल आपोआप सुटतो.

पट्टी छापताना शेतकऱ्याचं नाव कोरं येतं किंवा रिपोर्टच पडतो. आयडीईने (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरने) नाव बदलताना जावाच्या फाइली बदलल्या, पण रिपोर्ट छापणाऱ्या जॅस्परच्या टेम्पलेटमध्ये, क्वेरीच्या मजकुरात आणि स्क्रीनच्या फाइलीत फील्डची नावं अक्षरांत लिहिलेली असतात. तिथे कंपायलर पोहोचत नाही. नाव बदलण्याआधी पूर्ण प्रोजेक्टमध्ये ते नाव मजकूर म्हणून शोधा, सगळ्या एक्स्टेन्शनमध्ये. मोबाईल ॲपला जाणाऱ्या जेसननेही (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) असाच दगा होतो: वजन वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये गेलं की ते आत गुंडाळून जातं आणि जुन्या ॲपला सापडत नाही. बाहेर जाणाऱ्या डेटासाठी वेगळा क्लास ठेवा किंवा जेसन तयार करणाऱ्या जॅक्सनचं अनरॅप्ड ॲनोटेशन लावा.

सिंक्रोनाइज्ड मेथड (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे चालू कामाला, आत घेणाऱ्या) दोन क्लासात वाटल्या गेल्या तर एका कुलपाची दोन कुलपं होतात, आणि एकाच वेळी दोन थ्रेड आत शिरतात. जुन्या क्लासात हा शब्द दिसला तर त्या सगळ्या मेथड एकाच बाजूला ठेवा.

सगळं एकदम आणि भलत्या वेळी

महिनाभर वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) बसून पूर्ण क्लास फोडायचा आणि मग मर्ज करायचा, हे बहुधा फसतं. तोवर मूळ क्लासात चार जणांनी बदल केलेले असतात. त्याऐवजी मूळ क्लास जागेवर राहू द्या. निव्वळ वजनाचा क्लास काढा, जुन्या क्लासातली मेथड ठेवा पण तिच्या पोटात फक्त नव्या क्लासला हाक असू द्या. बोलावणाऱ्यांना काही कळतही नाही. जुन्या पट्ट्यांची ताडणी करा, कमिट, मर्ज, लाइव्ह. मग बोलावणाऱ्या जागा एकेक करून नव्या क्लासकडे वळवा. इंटेलिजे या आयडीईमध्ये मेथड काढायला कंट्रोल-ऑल्ट-एम आणि हलवायला एफ ६ आहे. हाताने कट-पेस्ट करण्यापेक्षा ते सुरक्षित, कारण सुटलेले संदर्भ तेच जोडतं.

हलवण्याच्या कमिटमध्ये फॉरमॅटर चालवू नका. ओळी जशाच्या तशा हलल्या असतील तर गिट ब्लेमला मोठा सी हा पर्याय देऊन त्या मूळ कुठून आल्या ते कळतं. फॉरमॅट बदलला की तो माग पुसट होतो. कमिट लहान असतील तर गिटचं बायसेक्टही (यादी अर्धी-अर्धी करत शोधणं) कामाला येतं: ६४ कमिटमधून बिघडलेला कमिट सहा पायऱ्यांत सापडतो, पण सापडलेल्या कमिटमध्ये तीन हजार ओळी असतील तर त्याचा उपयोग काय?

वेळ निवडताना मोंढ्याचं वेळापत्रक बघा. दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक जोरात असते, जानेवारीपासून तूर, मग हरभरा. या दिवसांत पट्टी पाच मिनिटं बंद पडली तरी काट्यावर रांग लागते. मृगाच्या पेरण्यांपासून पोळ्यापर्यंत आवक मंदावते, ते या कामाचे दिवस. हंगामात कपातीचा दर बदलायचाच झाला तर जुन्याच क्लासात बदला, फोडणं पुढे ढकला.

सगळंच फोडायचा अट्टहासही नको. छपाईचा क्लास चारशे ओळींचा राहिला पण तो फक्त छपाईच करतो आणि वर्षातून एकदा बदलतो, तर त्याला सोडा. एकेका फील्डचे तीस क्लास करणं हीही वाचणाऱ्याला शिक्षाच आहे.

शेवटी उरतात जुन्या क्लासातल्या नुसती हाक पुढे देणाऱ्या मेथड. आयडीई 'वापर नाही' म्हणाला तरी त्या लगेच उडवू नका. काही कोड वर्षातून एकदाच चालतो: ३१ मार्चला आडत्याची वर्षअखेर, खतावणी पुढे ओढणं, बाजार समितीला द्यायचं वार्षिक विवरण. हे रिपोर्ट बऱ्याचदा मेथडचं नाव अक्षरांत घेऊन ती बोलावतात. म्हणून प्रत्येक जुन्या मेथडवर डेप्रिकेटेडची ('आता वापरू नका' अशी) खूण करा, आत लॉगची एक ओळ टाका, आणि वर्षअखेर पार पडू द्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लॉग उघडा. ज्या मेथडचं नाव त्यात नाही त्या काढा, ज्यांचं आहे त्यांना कोण बोलावतंय ते शोधून ती जागा आधी वळवा.